जुन्या क्लबावर गोल

किट्वेच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला चिसांगानं गोल मारला आणि त्याचा जुना क्लब खालच्या लीगमध्ये घसरला. तो नाचला नाही. जुन्या क्लबावर गोल केला की खेळाडू माफी मागतात, तसे त्यानं फक्त दोन्ही हात वर केले. मघापासून शिव्या देणारी पब्लिकही टाळ्या वाजवायला लागली.

मॅच संपल्यावर जुन्या क्लबाचे कोच न्सोफ्वा त्याच्याजवळ आले. यांनीच त्याला सगळ्या टीमसमोर हाकललं होतं, "गुडघे गेले तुझे. जा, बाजारात कापेंता मासे विक."

"मान राखलास पोरा," ते डोळे पुसत म्हणाले.

"मान कसला, कोच? मी नाचलो असतो तर कॅमेरे माझ्यामागं पळाले असते. मला तुमचं रडकं तोंड घरोघरी दिसायला हवं होतं."