मधोमध

भोसरीच्या कारखान्यात धडधडणाऱ्या प्रेस मशीनवर बारा वर्षं राबून ज्योतीरामचा डावा कान मंदावला होता. कुणी बोललं की तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा. इयरफोनचा आवाज वाढवला की उजव्यात कळ यायची, म्हणून गावाकडून आलेले आईचे व्हॉइस मेसेज अर्धवटच ऐकायचा. त्याची मुलगी वर्षाली माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग, म्हणजे वायरी डाग देऊन जोडायला शिकते; मला आजोबा म्हणते. "आजोबा, बाबांच्या इयरफोनच्या उजव्या वायरीत रेझिस्टर घातला तर तिकडचाच आवाज कमी होईल ना?" "जोडून बघ." तिने जोडला, पण डाव्या वायरीत. "डावीकडं तर आता सगळंच गेलं!" इयरफोन कानात घातलेला बाप हसला, तिचा चेहरा पडला. "काढ, पुन्हा जोड," मी म्हणालो. या वेळी तिने उजव्या वायरीत जोडला. त्याने आईचा मेसेज लावून आवाज वाढवला आणि तो थबकला. "पोरी, दोन्ही कानांत सारखंच! आई डोक्याच्या मधोमध बोलायलीय!" त्याची कायम एका बाजूला वळलेली मान हळूहळू सरळ झाली.