समेवरचा पाय

“घोट मारल्याशिवाय हात चालत नाही,” म्हणणारा गेनबा डॉक्टरच्या धाकानं आज न पिता ढोलकीला बसला. थाप नेमकी समेवर पडली, पण नाचणाऱ्या हौसाबाईंचा पाय किंचित मागून आला. फडात असं कधी घडलं नव्हतं.

लावणी संपताच त्यानं विचारलं, “बाई, आज पाय मागं कसा?”

त्या हसल्या. “प्यायल्यावर तुमची थाप रोज मागं पडायची. लोकांना कळू नये म्हणून मी बी पाय तिथंच टाकायची. आज सवयीनं तसाच पडला.”

इतकी वर्षं समेवर पडणाऱ्या लोकांच्या शिट्ट्या गेनबा आपल्या हाताची कमाई समजत होता.

पुढच्या लावणीआधी हौसाबाई नेहमीसारख्या ढोलकीला नमस्कार करायला आल्या. त्या वाकायच्या आत गेनबानंच त्यांच्या घुंगरांना हात लावला आणि कपाळाला नेला.