पहिलं वाक्य

"आयुष्य सुंदर आहे, हसत हसत जगा." बारकीनं कागदावरची ओळ वाचली आणि माईकपासून तोंड बाजूला घेतलं. "मॅडम, हे माझ्या तोंडून निघतच नाहीये."

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्या काकांनी मान वर केली. आरोग्य खात्याच्या मॅडम आतच, बारकीच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. रेडिओवरून तरुण मुलांसाठी संदेश जायचा होता. तो तरुण मुलांनीच तयार करायचा, असं वरून ठरून आलं होतं. मुलांनी खात्याच्या शिबिरात शिकलेलं आठवून, डोकी खाजवून मजकूर लिहिला, वाचायला गटातल्या सगळ्यांत लहान मुलीला, म्हणजे बारकीला पुढे केलं. मॅडमनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं काढलं आणि तिथं ही ओळ बसवली.

"काय वाईट आहे त्यात? गोड आहे की."

"म्हणूनच. ज्याला सुंदर वाटत नाही त्याला वाटेल, आपल्यातच काहीतरी खोट आहे. रेडिओ बंद करून मोकळा होईल तो."

"आणि तुमचं वाक्य ऐकून काय, नाचेल?" मॅडम हसल्या. "अगं, असं कुणी तोंडावर विचारतं का? नसतं खूळ पोरांच्या डोक्यात भरायचं!"

"विचारल्यानं भरत नाही, मॅडम. उलट माणूस बोलायला लागतं. तुम्हीच सांगितलंत शिबिरात."

"शिबिराची गोष्ट वेगळी."

बारकीला दादाच्या खोलीचं दार दिसत होतं. हल्ली ते कुठंही दिसायचं, वर्गात, बसमध्ये, आरशासमोर केस विंचरताना. दाराबाहेर ती उभी आहे, प्रश्न अगदी ओठांवर आलाय, आणि ऐन वेळी तोंडातून निघतं, "जेवलास का रे?" आतून दादा म्हणाला होता, "हो." नेहमीच्या आवाजात. तो शेवटचा "हो" तिच्या कानातून जात नव्हता. हेडफोन लावले की जास्तच जवळून यायचा.

"बरं, तुमचं वाक्य म्हणून दाखव," मॅडम म्हणाल्या. "माईकला नको, मला म्हण. मग मीच सांगते कुठं खटकतं ते."

बारकीनं हेडफोन काढले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. घाई करायची नाही, नजर चुकवायची नाही, गुळमुळीत बोलायचं नाही. सगळं शिकवलेलं होतं.

"बरेच दिवस तू नीट नाहीस, माझ्या लक्षात आलंय," ती म्हणाली. "जीव द्यावासा वाटतो का तुला?"

मॅडमच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं. त्यांनी पेन उचललं, काहीतरी खोडायचं असल्यासारखं कागदावर टेकवलं. ते तिथंच राहिलं. त्या खोलीच्या भिंती आवाज गिळून टाकायच्या. "फार थेट आहे" असं त्या म्हणतील म्हणून बारकी वाट पाहत राहिली.

"आत्ता नाही," मॅडम म्हणाल्या.

ऊठ, पळ, कुणा मोठ्या माणसाला बोलाव, असं बारकीचं मन ओरडत होतं. पण खोलीतलं मोठं माणूस तर समोरच बसलं होतं. ती उठली नाही. तिनं खुर्ची आणखी पुढे ओढली.

"मग कधी वाटतं?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं.

"संध्याकाळी," त्या हळूच म्हणाल्या. "घरी जाऊन कुलूप उघडताना."

"आज मी येते बरोबर. त्याआधी शिबिरातल्या डॉक्टरांना फोन करू, दोघी मिळून." बारकीनं कागद बाजूला सारला. "पण आत्ता सांगा. मी ऐकतेय. कुठंही जात नाहीये मी."

माईक चालूच होता. काचेपलीकडे काकांनी हेडफोन काढून टेबलावर पालथे ठेवले, एक बटण दाबलं आणि ते उठून बाहेर गेले. दारावरचा लाल दिवा विझला.

बाहेर पुढच्या कार्यक्रमाची मंडळी वाद्यं घेऊन ताटकळली होती. दिवा विझलेला पाहून त्यांच्यातला एक जण लगबगीनं पुढे आला. काका दाराला पाठ लावून उभे राहिले.

"झालं ना तुमचं? जाऊ आत?"

"नाही," काका म्हणाले. "आत्ता कुठं सुरू झालंय."