दोस्तराष्ट्राचा शब्द

"जपानवर हल्ला झालाच, तर आमचं आरमार दोन दिवसांत पोचेल," अमेरिकेच्या दूत रूथ कॅलहन तोक्योच्या बैठकीत छातीठोकपणे म्हणाल्या.

समोर बसलेल्या मंत्री इनादांच्या कानातल्या दुभाषी यंत्राने त्यांना वाक्य सांगितलं आणि बोलणारीच्या मनातलंही सांगितलं. आपण यंत्राला सहज चकवू, असं रूथना वाटलं होतं. पण वीस वर्षांपासूनच्या या मित्राचा चेहरा पडला.

इनादांनी यंत्र काढून ठेवलं. "माझं यंत्र बिघडलंय," ते सगळ्यांना म्हणाले. "बाईंचा शब्द मला पुरेसा आहे."

रूथना मान वर करवेना. आपली लाज राखायला या भल्या माणसाने अख्खा देश पणाला लावला होता.

"इनादासान," त्या कशाबशा म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे. आरमार येणार नाही."