पान उघडत नाही

"पान उघडत नाही, एवढंच दिसत होतं लोकांना," फोटोग्राफर म्हणाला. "टीव्हीवर माझ्या मुलीचा फोटो दाखवला, खाली तिच्या शोधासाठी काढलेल्या साइटचा पत्ता दिला, आणि नेमकी तेव्हाच ती साइट तुमच्या मशीनवर झोपली."

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या काचेच्या खोलीत त्याच्यासमोर दोघं बसले होते. एक तरुण सल्लागार मुलगी आणि तिच्या शेजारी हाताची घडी घातलेला तंत्रज्ञ. मुलीने मान खाली घातली. तंत्रज्ञाने घातली नाही.

"काका, तुमचा प्लॅन सगळ्यात लहान होता," तो म्हणाला. "त्यात एका मशीनवर पुष्कळ साइट असतात. एकदम गर्दी झाली की असंच होतं."

"म्हणजे माझी हरवलेली मुलगी आणि कुणाचं तरी चपलांचं दुकान एकाच मशीनवर."

"हो. असंच असतं ते."

फोटोग्राफरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने आवाज चढवला नाही. पोरगी घरातून गेल्यापासून तो जाईल तिथे हेच ऐकत होता. असंच असतं. पोलीस चौकीत साहेबांनी जांभई देत कागद परत सरकवले होते. मुलगी सज्ञान आहे, गेली असेल स्वतःहून. तिच्या मैत्रिणी फोन उचलत नव्हत्या. जिच्या घरी ती लहानपणापासून पडीक असायची, तिने तर सरळ त्याच्या तोंडावर दार लावलं. आयुष्यभर त्याने लोकांची रडकी पोरं खुळखुळे वाजवून हसवली, त्यांचे फोटो काढले. आता स्वतःच्या पोरीसाठी दारोदार फिरताना तीच माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जात होती. बापाने विचारायचंही नाही?

"मला अख्खं मशीन हवंय," तो म्हणाला. "दुसरं कुणी नको त्यावर."

सल्लागार मुलीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तीन प्लॅन होते. तिने सबुरीने एकेक समजावून सांगितला. सगळ्यात मोठा घ्यायची गरज नाही, मधला कितीही गर्दी झाली तरी तग धरेल, असं ती स्वतःहून म्हणाली. फोटोग्राफरला ते आवडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याचा खर्च वाचवत होतं.

"यात साइटवर कोण येऊन गेलं ते कळेल?"

"नाव नाही कळत. पण मशीन तुमचं एकट्याचं असलं की नोंदही सगळी तुमच्याच हातात. कुठल्या गावातून, कधी, कुठलं पान उघडलं."

"ती नोंद किती दिवस राहते?"

"तुम्ही ठेवाल तितके दिवस, काका."

तंत्रज्ञाने हाताची घडी सोडली. "एवढं सगळं कशाला साठवायचं? माहिती देणाऱ्याला नाव लपवायचं असतं. लोक बिचकतील."

"तुला मुलगी आहे?" फोटोग्राफरने विचारलं.

"नाही."

"मग तुला नाही कळायचं. घरची आठवण आली की ती स्वतःच साइट उघडणार. फोन करणार नाही, पत्र लिहिणार नाही, पण बघणार. तेवढं तरी मला कळू दे."

सल्लागार मुलीचे डोळे भरून आले होते. तिने तंत्रज्ञाला दुसऱ्या कामाला पाठवून दिलं.

"मनावर घेऊ नका त्याचं," ती म्हणाली. "काकू कशा आहेत?"

"ती काही बोलतच नाही आता."

सल्लागार मुलीने मान हलवली. मग जरा विचार करून म्हणाली, "काका, काकूंचं एक वेगळं पान करू या का? फक्त त्यांचा फोटो आणि दोन ओळी. बाकी काही बघितलं नाही तरी ते ती बघेलच."

कल्पना तिचीच. फोटोग्राफरने स्टुडिओतला जुना फोटो काढून दिला आणि खाली लिहायला सांगितलं: आई वाट बघतेय. एकदा ये.

साइट नव्या मशीनवर गेली. टीव्हीवर पुन्हा फोटो आला, झुंबड उडाली, पण या वेळी पान एकदाही अडकलं नाही. निरोप आले, तेही बहुतेक बिनकामाचे. एकाने तर लिहिलं, सुखात असेल, राहू द्या की. ते वाचून फोटोग्राफर दिवसभर धुमसत होता. यांच्या घरातलं कुणी असं गेलं असतं तर?

आणि मग सल्लागार मुलीचा फोन आला.

"काका, तुमच्या साइटची नोंद बघत होते. खाडीकाठच्या एका लहान गावातून कुणीतरी रोज काकूंचंच पान उघडतंय. दुसरं काहीच बघत नाही. तिथल्या वाचनालयातून येतंय ते."

फोटोग्राफरने गावाचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं.

"पोलिसांना कळवू या का?" तिने विचारलं.

"नको. त्यांनी काय दिवे लावले ते बघितलंय मी. आम्ही दोघं भाऊच जातो."

"घरी आली की मला नक्की सांगा हं, काका."

त्याने तिचे मनापासून आभार मानले.

धाकटा भाऊ गाडी चालवत होता. खाडीवरचा पूल ओलांडला. मग तो म्हणाला, "आणली तरी पुन्हा जाईल, दादा."

"कशी जाईल?" फोटोग्राफर म्हणाला. "तेव्हा खोलीची बाहेरची कडी तिच्या आईने काढून दिली होती. आता कडी काढायला तिची आई जिवंत नाही."