मोटरहोममधले अब्बा

बेसिनच्या नळावर लघवीची पिशवी वाळत होती. दात घासायला आलेली मंजिरी मागे सरकली.

"शी!"

"सॉरी, मंजिरीताई." मुझम्मिलनं पिशवी झटकन काढली. "अब्बांची आहे. धुतलेली आहे."

रियाधहून तीन मोटरहोम सुट्टीसाठी वाळवंटातल्या अल-उलाला निघाल्या होत्या. मंजिरी आणि तिचा नवरा हरीश, दोघेही डॉक्टर. त्यांच्या गाडीत मुझम्मिल आणि त्याची बायको अदिबा होती. मुझम्मिल हरीशच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता, मूळचा दापोलीकडचा. सोबत हे अब्बा, हुसेनमियाँ, येणार, हे मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं.

जेवताना म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून डाळ ओघळायची. खोकला आला की ते कागदी पेल्यात थुंकायचे आणि पेला टेबलावरच ठेवायचे, खजुरांना लागून. काचा बंद, एसी चालू. तो वास गाडीभर फिरत राहायचा. मुझम्मिल हनुवटी पुसायचा, पेला रिकामा करायचा. अदिबा दुपट्टा नाकाला लावून खिडकीकडे तोंड करून बसायची.

पेट्रोलपंपावर मंजिरीनं तिला बाजूला घेतलं.

"कसं सहन करतेस गं?"

"करते कुठे? मी हातसुद्धा लावत नाही. ओकारी येते मला."

"माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. मला विचार."

अदिबा चहा पीत राहिली.

अल-उलाच्या जुन्या गावात मातीची घरं एकमेकांना चिकटून उभी होती. एका घराची भिंत तीच दुसऱ्याची, आणि वरच्या खोल्या थेट गल्लीवर बांधलेल्या. मुझम्मिलनं म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलं होतं.

"आमच्या गावची भिंत अशीच," हुसेनमियाँ मातीवरून हात फिरवत म्हणाले. "अदिबा कुठाय? तिला दाखव."

पुढच्याच पायरीवर त्यांना उलटी झाली. मुझम्मिलच्या मानेवर, शर्टाच्या आत. मागची माणसं नाक दाबून पांगली. अदिबा पुढे चालत राहिली, जणू ती कुणाबरोबर आलीच नव्हती. मुझम्मिलनं आधी म्हाताऱ्याचं तोंड पुसलं, मग स्वतःची मान.

मंजिरीला संताप आला. सुट्टी म्हणून बायकोला आणायचं आणि हे बघायला लावायचं!

सकाळी सगळे गरम हवेच्या फुग्यात बसायला निघाले. मुझम्मिलनं तिकिटं काढलीच नव्हती. मंजिरीनं आपलं अदिबाच्या हातात कोंबलं.

"जा तू. मोकळ्या हवेत जाऊन ये जरा."

अदिबानं एकदाही नको म्हटलं नाही. हरीश आणि बाकीच्यांच्या मागे ती जवळजवळ पळतच गेली.

खडकांमधून एकेक फुगा वर येऊ लागला. हुसेनमियाँ घडीच्या खुर्चीत ब्लँकेट पांघरून डोळे मिटून बसले होते. मुझम्मिल त्यांच्या पायांत मोजे घालत होता. मंजिरी त्याच्याजवळ गेली.

"रागावू नकोस, मुझम्मिल. पण स्पष्टच बोलते. चिपळूणला एक चांगला वृद्धाश्रम आहे. अब्बांना तिथं ठेव."

"ते माझ्या हातात नाही, ताई."

"मग कुणाच्या? तुम्हा पुरुषांचं हे असंच. आईबाप तुमचे आणि घाण बायकोच्या नाकाशी! ती बिचारी तोंडावर बोलत नाही, पण किती किळस येते तिला, ठाऊक आहे? आणि तिचं तरी काय चुकलं? स्वतःचा बाप असता, तर केलं असतं तिनं सगळं."

मुझम्मिलनं दुसरा मोजा घेतला.

हुसेनमियाँनी डोळे उघडले. हात कपाळावर आडवा धरून ते फुग्यांकडे बघत राहिले.

"त्याला नका बोलू, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "तो जावई माझा. लेक फुग्यात वर गेलीय."