बोलणारी चित्रं

“पंखा बंद कर ग, त्याची घरघर येईल आत,” मायक्रोफोनपुढे सरसावून बसत सुनंदाबाई म्हणाल्या.

शुभदाने पंखा बंद केला. कोरमंगलातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर ती नोकरी करत असलेली कंपनी होती. मुलांसाठी चित्रांच्या आणि गाण्यांच्या सीडी बनवणं हे तिथलं काम. सुनंदाबाईंच्या नातीकडे त्यातलीच एक होती. चित्रावर टिचकी मारली की हत्ती ओरडतो, हे पाहून बाई वेष्टनावरच्या पत्त्याने थेट ऑफिसात आल्या होत्या.

“तसं माणसाचं बोलणं येईल का?” त्यांनी विचारलं होतं. “घशाचं ऑपरेशन ठरलंय. नंतर बोलता येणार नाही म्हणालेत डॉक्टर. लिहिलेलं वाचायला कुणाला वेळ असतोय?”

शुभदाने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गुंडूरावांकडे पाहिलं. बाईंचे यजमान. चिकपेटला साड्यांचं जुनं दुकान. बाहेर ऊन होतं, तरी गळ्याला मफलर. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना त्रास नको म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही. मालकांनीही लगेच होकार दिला.

तेव्हापासून दोघं दुपारी येत. बाई बोलत, गुंडूराव कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून राहत. येताना डब्यात चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, असे. पुण्याहून आल्यापासून शुभदा दिवसभर इंग्रजी आणि हिंदी बोलायची, मेसचं जेवायची. कुणी मराठीत ‘आधी खाऊन घे’ म्हणालं की तिला भरून यायचं.

“स्वल्प लोणचं पण आहे बघ त्यात. सरी, आता बोलू?” बाईंच्या मराठीत असे कानडी शब्द सहज मिसळत.

“बोला काकू.”

“पाणी हवंय. उशी वर करा. कोण आलंय? मी दमले.”

शुभदाने थांबवलं. “काकू, काकांसाठी ‘दमलो’ हवं ना? आमच्यातला कुणी पुरुष बोलेल हवं तर.”

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. “बाईच्या आवाजात ‘दमलो’? हसतील की ग लोक! असू दे असंच. घरात माझाच आवाज हवा.”

हसता हसता त्यांना खोकला आला. शुभदाने थर्मासमधलं गरम पाणी दिलं. एवढं बोलून कुणाचाही घसा बसेल, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिने काम लवकर आटोपलं.

पाण्याच्या चित्राला पहिला आवाज जोडून झाला, तेव्हा तिने गुंडूरावांना बोलावलं. “काका, दाबून बघा ना.”

गुंडूरावांनी जपून बोट ठेवलं. ‘पाणी हवंय,’ कॉम्प्युटर सुनंदाबाईंच्या आवाजात म्हणाला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग मफलरने डोळे पुसत ते जिन्याकडे निघून गेले.

“वाईट वाटलं का त्यांना?” शुभदाने घाबरून विचारलं.

“नाही ग बाळ,” सुनंदाबाई म्हणाल्या. “तू केवढं मोठं काम करायलीयस, तुला कळत नाही.”

काकूंच्या घरी विंडोजचा कॉम्प्युटर होता, त्यांच्या पुतण्याच्या छापखान्यात मॅक आणि हॉस्पिटलात युनिक्सचं यंत्र. तिन्हीकडे चालेल असं साधन शुभदाने मुद्दाम निवडलं होतं. स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या सूचना, एकदाच लिहायची, कुठेही चालवायची. तरी मॅकवर आवाज तुटायचा आणि हॉस्पिटलच्या यंत्रावर चित्रं निळी पडायची. तिने एकेक अडचण सोडवली. कधी नव्हे इतक्या आनंदाने ती काम करत होती.

खरी अडचण पुढे होती. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या जयतीर्थांनी सीडी हातातही घेतली नाही.

“मागे एका फ्लॉपीतून व्हायरस आला,” ते म्हणाले. “पेशंटांचे रिपोर्ट गेले. आता बाहेरचं काही चालवू देत नाही.”

“बरोबर आहे तुमचं,” शुभदा म्हणाली. “म्हणूनच हे कुंपणात चालतं. स्क्रिप्टला फक्त चित्र दाखवायची आणि आवाज काढायची परवानगी आहे. तुमच्या फायलींना हात लावता येत नाही. तुम्हीच बघा.”

हॉस्पिटलच्या कामात नसलेल्या एका जुन्या यंत्रावर तिने जयतीर्थांना एक फाइल बनवायला सांगितली. मग त्यांच्यासमोरच स्क्रिप्टमध्ये ती फाइल पुसण्याचा हुकूम लिहिला आणि प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर नकार आला. फाइल जागच्या जागी होती. जयतीर्थांनी स्वतः आणखी दोन-तीन खोड्या काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी नकारच आला.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. “द्या ती सीडी. वॉर्डात ट्रॉलीवर यंत्र ठेवायला सांगतो.”

रिक्षात बसल्यावर शुभदाला रडू आवरेना.

ऑपरेशन झालं त्या आठवड्यात बाहेरच्यांना भेटायला बंदी होती. भेटायची परवानगी मिळाली तेव्हा ती मोसंब्यांची पिशवी घेऊन गेली. गुंडूरावांशी कसं बोलायचं, त्यांना उत्तर द्यावं लागेल असं काही विचारायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं होतं. आधी काकूंना भेटू, त्या सांगतील कसे आहेत ते.

खोलीचं दार तिने हळूच वाजवलं. ते आतून उघडलं.

“ये बाळ, ये!” गुंडूराव खणखणीत आवाजात म्हणाले. “तुझे उपकार कसे फेडू ग? शुद्धीवर आल्यापासून सुनंदा त्या चित्रांवरनं बोट काढायला तयार नाही, सगळ्या वॉर्डाशी बोलायलीय!”